खुलासा : डोस कमी झाला होता, इन्सुलिन सुटलं नव्हतं

'टाइप 1 मधुमेह दोन महिन्यांत बरा, इन्सुलिन सुटलं' असा मेसेज फिरतोय. त्यातला पहिला परिच्छेद माझ्याच जुन्या पोस्टचा आहे. शेवटची ओळ कुणीतरी जोडलेली.

मी लिहिलं होतं ते इतकंच, की लेकीचा रात्रीचा डोस 12 युनिटवरून 5 वर आला. इन्सुलिन टोचायच्या पेनच्या खिडकीत 5 दिसला तेव्हा क्षणभर मलाही वाटलं, सुटलो बाई! डॉक्टरांनी लगेच जमिनीवर आणलं. याला 'हनीमून' काळ म्हणतात (हे नाव कुणाला सुचलं कोण जाणे). बाहेरून इन्सुलिन मिळालं की स्वादुपिंडातल्या उरल्यासुरल्या बीटा पेशी (इन्सुलिन बनवणाऱ्या) काही आठवडे, काही महिने पुन्हा कामाला लागतात. त्यांच्यावरचा रोगप्रतिकारशक्तीचा हल्ला मात्र थांबलेला नसतो. आमचा डोस आता 14 आहे.

इन्सुलिन बंद केलं तर रक्तात कीटोन (चरबी जळून तयार होणारी आम्लं) साठतात. उलट्या, पोटदुखी, धाप, आणि एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतं. 1922 पूर्वी इन्सुलिनच नव्हतं, तेव्हा अशी बहुतेक मुलं वर्ष-दोन वर्षांत जात.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका. माझी मूळ पोस्ट मी काढली आहे.