गादी नक्की कुणासाठी घेताय?

आज सांगलीत उशीचे अभ्रे घ्यायला एका गादीच्या दुकानात गेले आणि डोकं फिरून बाहेर पडले. लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही म्हणून लिहितेय. पोस्ट लांबेल, आधीच सांगते.

दुकानात एक कुटुंब आलं होतं. मुलगा, सून, नातू आणि आजोबा. "पप्पांसाठी दाखवा, एकदम भारीतली," मुलाचं चाललं होतं. आणि पप्पा कुठे? दाराजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर, काठी गुडघ्यांत धरून. सेल्समनने गादीवर पाण्याने भरलेला ग्लास ठेवला, शेजारी बुक्की मारली, पाणी सांडलं नाही. सगळे खूश. नातवाने उड्या मारून घेतल्या. सून आडवी होऊन म्हणाली, काय मऊ आहे हो! मुलाने कार्ड काढलं. शेवटी न राहवून मी म्हटलं, "अहो, आजोबांना जरा बसवून बघा की." तर मुलगा हसून म्हणतो, "त्यांना काय, काहीही चालतंय." आणि आजोबाही मान हलवत म्हणाले, "चालतंय की."

माझी आत्यासुद्धा हेच म्हणायची.

आत्या मिरजेत एकटी राहते. ऐंशीच्या पुढची, उंचीने बुटकी, स्वभावाने ताठ. आतेभाऊ बंगळुरात. त्याने आईसाठी मेमरी फोमची, म्हणजे अंगाच्या भाराने आत दबणाऱ्या फोमची, आठ इंची गादी ऑनलाइन मागवली. गुंडाळून आलेली, प्लास्टिक फाडलं की फुगणारी. ती जाऊन पडली बॉक्सच्या पलंगावर. पलंग सोळा इंच, वर गादी आठ. चोवीस इंचांवर बसवली माझ्या आत्याला. काठावर बसली की पाय लोंबकळायचे. फोनवर विचारलं की, "छान आहे गं, चालतंय."

दिवाळीला गेले तर पलंगाला लागून जेवायला बसायचा पाट. म्हटलं हा इथे कशाला? तर त्यावर पाय देऊन उतरते म्हणाली. अंधारात! चार खिळ्यांवर उभा असलेला, फरशीवर सरकणारा पाट! आणि पुढे कळलं की संध्याकाळी पाचनंतर तिने पाणी पिणंच सोडलं होतं. का, तर रात्री उठावं लागू नये. लघवीचा संसर्ग होऊन सलाइन लागलं तेव्हा डॉक्टरांसमोर हे बाहेर आलं. तोवर मुलाला एका शब्दाने बोलली नव्हती. पोरानं हौसेनं पाठवलीय ना.

आपल्यातल्या कुणाला हे समजावून सांगायची गरज नाही, तरी सांगते. म्हाताऱ्या माणसाच्या गादीवर झोप कशी लागते हे नंतर बघा, आधी तिच्यावरून उठता येतं का ते बघा. रात्री दोनला, लघवीची घाई असताना, चष्मा नसताना. खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली एक तरी आजी प्रत्येकाच्या नात्यात आहे. त्यातल्या किती पलंगावरून उतरताना पडल्या, जरा आठवून बघा.

माप घेणं अगदी सोपं आहे. त्यांना साध्या खुर्चीवर बसवायचं, दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकवायचे आणि गुडघ्यामागच्या खोबणीपासून जमिनीपर्यंत टेप लावायची. आत्याचं भरलं सोळा इंच. पलंग आणि वजनाने दबलेली गादी मिळून तेवढंच, फार तर इंच-दोन इंच जास्त. जास्त खोलही नको, नाहीतर गुडघे दुखणाऱ्याला त्यातून वर येणं म्हणजे विहिरीतून बाहेर येण्यासारखं.

आणि ते बॉक्सचे पलंग! खुर्चीतून उठताना स्वतःकडे लक्ष द्या, पाय आपोआप मागे, खुर्चीखाली जातात. त्याशिवाय उठताच येत नाही. बॉक्सला खाली जागाच नसते, टाचा फळीला अडतात. पण आत पितळेची भांडी आणि लग्नात आलेल्या चादरी मावतात ना, मग आजी उठली काय न उठली काय.

बरं, आतेभाऊ वाईट नाही. उलट आमच्यात आईला रोज रात्री फोन करणारा तोच. रात्र रात्र जागून त्याने रिव्ह्यू वाचले होते, मला लिंका पाठवल्या होत्या. लांब राहणाऱ्या मुलांना काहीतरी करावंसं वाटतं, आणि करता काय येतं तर ऑर्डर. हे लिहिताना त्याचा चेहरा समोर येतोय आणि राग उतरतोय. त्याने पैशाकडे पाहिलं नाही, हे खरंच आहे.

पण एकदा, एकदाच व्हिडिओ कॉलवर म्हणायचं होतंस ना रे, आई, पाय टेकतात का?

हो, मेमरी फोम काहींना मानवतो. माझ्या मैत्रिणीच्या आईला मानवला, मान्य. पण आमच्याकडे एप्रिलमध्ये तो खालून तापतो, आणि अंग आत रुतलं की कूस बदलायला जोर लागतो. पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या माणसाचे तर हाल. काठावर बसवून बघा. काठ दबून माणूस पुढे घसरत असेल तर ती गादी फुकट दिली तरी नको.

दुसरी टोकाची मंडळीही आहेतच. "आमचे आजोबा फळीवर झोपायचे, पाठ ताठ होती." असेल बुवा. वय झालं की अंगावरचं मांस जातं, खांदे आणि खुबे कडक गादीवर ठणकतात. भाची फिजिओथेरपिस्ट आहे, ती सांगते की 2003 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधल्या 313 कंबरदुखीवाल्यांचा अभ्यास आला होता, त्यात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवाल्यांना जास्त आराम पडला. मी तिचं ऐकते. फळीवाल्या काकांचं नाही.

आत्याकडे शेवटी माळ्यावरची लोखंडी कॉट खाली काढली. खाली मोकळी, पाय मागे जातात. तिची जुनी कापसाची गादी उसवून, कापूस पिंजून घेऊन नवीन भरून घेतली. वर पातळ फोम. कापसाचीच घ्या असा माझा हट्ट नाही. तिच्यात गुठळ्या होतात, पावसाळ्यात दमट वास येतो, उन्हात टाकायला दोन धडधाकट माणसं लागतात. काथ्याची घ्या, फोमची घ्या, पण आधी त्यांना बसवा, झोपवा, कुशीवर वळू द्या, आणि हात न देता उठू द्या. दुकानात दहा मिनिटं लागतात. तेवढाही वेळ नसेल तर कशाला नेता त्यांना, ऊन खायला?

चादरीखाली मेणकापड घालत असाल तर वर जाड सुती कापड हवंच, नुसत्या मेणकापडावर घामाने पाठ सोलवटते.

कायम अंथरुणावर असलेल्यांचं प्रकरण वेगळं. तिथे पडून पडून अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून पंपावर चालणारी एअरबेड लागते, जिचे कप्पे आळीपाळीने फुगतात. पण ती घेतली म्हणजे सुटलो असं नाही. डॉक्टर-नर्सने सांगितलं असेल तसं, साधारण दर दोन तासांनी, कूस बदलावीच लागते, माकडहाड आणि टाचा रोज बघाव्या लागतात. आणि मऊ लागावं म्हणून तिच्यावर जाड गोधडी घालू नका, मग हवेचा उपयोग काय? वीज जाते तेव्हा पंपही बंद पडतो, ती सोय आधी बघून ठेवा.

आत्या आता रात्री पाणी पिते. उशाला तांब्या असतो. आठ इंची गादी हॉलमध्ये जमिनीवर आहे, सुट्टीत नातवंडं तिच्यावर लोळतात. आतेभावाला सगळं मीच सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग कॉटची उंची विचारली.

आता कमेंटमध्ये "ताई, कुठल्या कंपनीची घेऊ?" असं विचारू नका. आधी आईला खुर्चीत बसवा, टेप लावा, आणि माप लिहा. मग बोलू.