सिवरेजच्या योजनेत प्लांटआधी घरजोडणी बघा

गोव्यातल्या गावात मलनिस्सारण (सिवरेज) योजना येणार म्हटलं की ग्रामसभेत सगळी चर्चा सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटभोवतीच फिरते. जागा कोमुनिदादची (गावकऱ्यांच्या सामाईक जमिनीची संस्था) की सरकारी, वास कुठल्या वाड्यावर येणार. प्रश्न रास्तच आहेत. पण योजना फसते ती बहुतेक वेळा रस्त्यावरचा मॅनहोल आणि घरातला संडास यांच्यामधल्या पंधरा-वीस मीटरांत, आणि त्या तुकड्याबद्दल कोणी विचारत नाही.

सिवरेज हवी यात मला तरी शंका नाही. 2022 मध्ये गोवा ‘हर घर जल’, म्हणजे घरोघरी नळाचं पाणी, असं प्रमाणित पहिलं राज्य ठरलं. नळाने घरात आलेलं पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडतंच, आणि पणजी, मडगाव, वास्कोसारख्या शहरांतला जोडलेला भाग सोडला तर ते मुख्यतः सोकपिटात, म्हणजे जमिनीत पाणी जिरवणाऱ्या खड्ड्यात जातं. सोकपिट आणि पिण्याच्या विहिरीत 18 मीटर अंतर हवं. तीनशे चौरस मीटरच्या प्लॉटवर ते आपल्या विहिरीपासून राखलं तर शेजाऱ्याच्या विहिरीपासून राहत नाही. त्यात जांभ्याला भेगा, आणि पावसाळ्यात भूजल सोकपिटाच्या तळापर्यंत चढतं. मग गाळायचं कुठे?

आता हिशेब. समजा योजनेत 8,000 लोकवस्ती आहे. सिवरेज असलेल्या भागाला माणशी दिवसाला 135 लिटर पाणी धरतात, त्यातलं 80 टक्के सांडपाणी होतं. म्हणजे दिवसाला 8 लाख 64 हजार लिटर, सेकंदाला सरासरी 10 लिटर. सकाळच्या गर्दीला तिप्पट धरायचं, म्हणजे 30 लिटर. एवढ्या प्रवाहाला हजार मीटरला 1 मीटर उतार पुरतो आणि गाळ वाहून जातो. पण सुरुवातीला हजारच माणसांची घरं जोडली गेली, तर गर्दीच्या वेळीसुद्धा प्रवाह पावणेचार लिटरच. त्याला हजार मीटरला साडेतीन-चार मीटर उतार लागतो. तो नसला की घाण खाली बसते, वर तेलाचा थर चढतो आणि लाइन तुंबते. पाणी 135 ऐवजी ग्रामीण मापाने 55 लिटरच मिळत असेल तर अवस्था आणखी वाईट. म्हणून पाणीपुरवठा आणि सिवरेज यांचे आराखडे एकत्रच मांडायला हवेत.

उतार वाढवला की खोली वाढते. एक मीटरवर सुरू झालेली लाइन किलोमीटरभर गेली की पाच मीटर खाली. वरच्या वाड्यांत तिथे जांभा फोडावा लागतो. खाजनाकाठी, म्हणजे खाडीलगतच्या बांध घातलेल्या सखल शेतांजवळ, भरतीचं खारं पाणी सांध्यांतून आत शिरतं आणि प्लांटमध्ये घाण खाणाऱ्या जिवाणूंना त्रास देतं. अशा ठिकाणी मध्ये पंपिंग स्टेशन घ्यावं, सोबत जादा पंप आणि जनरेटरही. वीज गेली की पंपाची विहीर भरायला अर्धा तासही लागत नाही.

सगळ्यात मोठा घोटाळा छपराच्या पाण्याचा. शंभर चौरस मीटरच्या छपरावर तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस पडला की 5,000 लिटर पाणी उतरतं. पाच माणसांच्या घराचं सांडपाणी दिवसाला 540 लिटर. म्हणजे नऊ दिवसांचं पाणी एका तासात! 1,600 घरांपैकी फक्त शंभरांनी पन्हळीचा पाइप सिवरेजच्या चेंबरमध्ये सोडला तर सेकंदाला जवळजवळ 140 लिटर, आणि लाइन आखलेली 30 लिटरांसाठी. मग सगळ्यात खालच्या घराच्या न्हाणीतून मैला वर येतो. ज्याने पन्हळ जोडली तो वरच्या वाड्यावर कोरडाच राहतो. ही मला या योजनांतली सगळ्यात अन्यायाची गोष्ट वाटते. उपाय आहे: पावसाळ्याआधी लाइनमध्ये धूर सोडून चाचणी घ्या. ज्या पन्हळीतून धूर निघेल ते घर सापडलं. सखल घरांना पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही द्या.

घरजोडणी नेमकी कशी हवी? संडासाचा पाइप थेट चेंबरला, न्हाणी आणि स्वयंपाकघराचं पाणी गली ट्रॅपमधून (वास अडवणारा पाण्याचा सापळा), हॉटेलला तेल-तूप अडवणारा ग्रीस ट्रॅप सक्तीचा. हद्दीवर लाइन तपासायला एक इन्स्पेक्शन चेंबर, 110 मिलिमीटर पाइपला साधारण 1:60 उतार. जुनी सेप्टिक टाकी बायपास करून उपसायची आणि वाळूने भरायची. टाकी मध्येच ठेवली तर सडलेलं पाणी लाइनमध्ये जातं, त्यातला वायू काँक्रीट खातो. पिण्याच्या पाण्याची लाइन सिवरेजपासून तीन मीटर दूर हवी. अरुंद वाटेवर ते जमत नसेल तर दुसऱ्या कडेने आणि वरच्या पातळीवर घ्या, कारण नळ बंद असताना फुटक्या सांध्यातून घाण आत ओढली जाते.

हे सगळं घरमालकाने स्वतः करावं म्हटलं तर होत नाही. खर्च आहे, आणि मुंडकाराच्या (दुसऱ्याच्या जमिनीवर घर असलेल्याच्या) घराचा पाइप भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीतून जातो, तिथे संमतीवर घोडं अडतं. म्हणून घरजोडणी मुख्य निविदेतच हवी, आणि ठेकेदाराचं बिल पाइपाच्या मीटरांवर नव्हे, जोडलेल्या घरांवर निघायला हवं. संमतीपत्रं पंचायतीने वाड्यावाड्याने खोदकामाआधी गोळा करावीत, कारण जूनला काम थांबलं की ऑक्टोबरपर्यंत रस्ता हात लावू देत नाही.

पुढच्या ग्रामसभेत प्रकल्प अहवाल मागा आणि त्यात तीन पानं शोधा: पहिल्या वर्षीच्या प्रवाहाला काढलेला उतार, घरजोडणीची रक्कम, आणि पावसाच्या पाण्याची वेगळी गटारं. यातलं एकही नसेल तर ना हरकत दाखला देण्याचा ठराव त्या दिवशी घेऊ नका.