माझेम्बे काल जन्माला आलेला क्लब नाही

क्लब वर्ल्ड कपचा, म्हणजे खंडांच्या विजेत्या फुटबॉल क्लबांच्या स्पर्धेचा, विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. थोडक्यात तो असा: काँगोचा टीपी माझेम्बे हा एका श्रीमंत पुढाऱ्याने पैसे ओतून उभा केलेला क्लब. त्याआधी त्याला इतिहास नव्हता. जुना चषक होता, तोही न खेळता मिळालेला. खेळाडू बाहेरून विकत आणलेले. आणि २०१० साली क्लब वर्ल्ड कपची अंतिम फेरी गाठली ती निव्वळ नशिबाने. इतकी मेहनत इतक्या सहज पुसून टाकलेली वाचली की मला गप्प बसवत नाही.

इतिहास नाही, हे धादांत खोटं आहे. क्लब १९३९ चा. बेल्जियन काँगोतलं एलिझाबेथव्हिल, म्हणजे आजचं लुबुम्बाशी, हे तांब्याच्या खाणींवर वाढलेलं शहर. तिथल्या बेनेडिक्टाइन मिशनऱ्यांनी सेंट जॉर्जच्या नावाने हा संघ सुरू केला. पुढे एंगलबेर ही बेल्जियन टायर कंपनी पाठीशी उभी राहिली आणि संघ ‘एफसी एंगलबेर’ झाला. १९६६ साली एकही सामना न हरता लीग जिंकली, तेव्हा नावामागे ‘तू प्विसां’, म्हणजे सर्वशक्तिमान, हे बिरुद लागलं. टीपी ही अक्षरं तिथली. टायरवाल्यांचं नाव जाऊन माझेम्बे हे नाव त्यानंतर आलं. लुबुम्बाशी ज्यात येतं तो कटांगा प्रांत काँगोपासून फुटून निघाला, लढाया झाल्या, १९६३ मध्ये तो परत जोडला गेला. ते सगळं सोसलेल्या शहराचा हा संघ १९६७ ते १९७० अशी सलग चार वर्षं आफ्रिकेच्या चॅम्पियन क्लब चषकाची अंतिम फेरी खेळला.

आता त्या ‘न खेळता मिळालेल्या’ चषकाबद्दल. यात खऱ्याचा अंश आहे, म्हणूनच नीट सांगायला हवं. १९६७ ची अंतिम लढत घानाच्या असांते कोटोकोशी होती. कोटोकोच्या कुमासीत १-१, काँगोची राजधानी किन्शासात २-२. दोन्ही सामने खेळले गेले, दोन्ही बरोबरीत सुटले. तिसरा निर्णायक सामना ठरला, पण त्याचा निरोप घानाच्या फुटबॉल संघटनेकडून कोटोकोपर्यंत पोचलाच नाही. कोटोकोचा संघ आला नाही आणि चषक एंगलबेरला देण्यात आला. कोटोकोच्या चाहत्यांची ही जखम मला पटते. त्यांची चूक नसताना चषक गेला. पण एंगलबेर तर अंतिम फेरीपर्यंत खेळून आला होता, तिथेही हरला नव्हता. त्याला ‘न खेळता’ कसं म्हणायचं?

शिवाय मजकूर तिथेच थांबतो, पुढचं वर्ष सांगत नाही. १९६८ मध्ये टोगोतल्या लोमेच्या एत्वाल फिलांतला घरच्या मैदानावर ५-० ने हरवलं, परतीचा सामना १-४ गमावला, तरी एकूण ६-४. चषक लागोपाठ दुसऱ्यांदा जिंकणारा हा आफ्रिकेतला पहिला क्लब. १९६९ मध्ये इजिप्तच्या इस्माइलीने हरवलं. आणि १९७० मध्ये पुन्हा समोर कोटोको! कुमासीत परत १-१, आणि किन्शासात जाऊन कोटोको २-१ ने जिंकले. तीन वर्षांपूर्वीचा हिशेब त्यांनी मैदानावरच चुकता केला. दोन्ही क्लबांच्या इतिहासातलं हे इतकं सुंदर पान गाळून नुसता ‘फुकटचा चषक’ म्हणणं हा कोटोकोवरही अन्याय आहे.

पैशाचं म्हणाल तर हो, पैसा आला. मोईझ काटुंबी १९९७ पासून अध्यक्ष, पुढे कटांगाचे गव्हर्नरही झाले. त्यांच्याविना आजचा क्लब असा दिसला नसता. पण आफ्रिकेची चॅम्पियन्स लीग, म्हणजे त्याच जुन्या चषकाचं नवं रूप, हाती आली २००९ मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी. नुसत्या पैशाने काम होत असतं तर इतकी वाट कशाला पाहावी लागली असती? आणि ‘बाहेरचे खेळाडू’ म्हणजे कोण? २०१० च्या संघाचा कणा काँगोचाच होता: गोलरक्षक किडियाबा, मिहायो, काबांगू, कालुयितुका, बेदी. बाहेरून आले त्यात झांबियाचे खेळाडू होते, आणि झांबियाची सीमा लुबुम्बाशीपासून हाकेच्या अंतरावर. खाणींचा पट्टाही दोन्हीकडे एकच.

राहिलं नशीब. आदल्या वर्षी, २००९ मध्ये, हाच संघ क्लब वर्ल्ड कपला गेला आणि दोन्ही सामने हरला. न्यूझीलंडच्या ऑकलंड सिटीनेही हरवलं. त्यात त्यांचा सर्वांत मोठा खेळाडू त्रेझोर म्पुटू २०१० मध्ये बंदीमुळे बाहेर बसलेला. तरी अबू धाबीत आधी मेक्सिकोच्या पाचुकाला १-० ने हरवलं. मग ब्राझीलचा इंटरनासिओनाल, दक्षिण अमेरिकेचे विजेते, ज्यांनी २००६ मध्ये बार्सिलोनाला हरवून हाच कप नेला होता. ब्राझीलवाल्यांनी हल्ल्यामागून हल्ले केले, किडियाबा एकेक अडवत राहिला. ५३व्या मिनिटाला काबांगूने चेंडू ताब्यात घेतला आणि दूरच्या कोपऱ्यात वळवला. इकडे गोलपुढे किडियाबा बसल्या बसल्या, दोन्ही पाय पुढे करून, गवतावर उड्या मारत निघाला! ८५व्या मिनिटाला कालुयितुकाने दुसरा गोल केला. २-०. युरोप आणि दक्षिण अमेरिका सोडून कुठल्याही खंडाचा क्लब त्याआधी या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचला नव्हता.

अंतिम सामन्यात इंटर मिलानने ३-० ने हरवलं, त्यातला एक गोल कॅमेरूनच्या एटोचा. त्या इंटरने त्याच वर्षी इटलीची लीग, इटलीचा कप आणि युरोपची चॅम्पियन्स लीग असं सगळं जिंकलं होतं. आणि माझेम्बेने २०१५ मध्ये अल्जेरियाच्या यूएसएम अल्जेला दोन्ही सामन्यांत हरवून पाचव्यांदा आफ्रिकेचा चषक घरी नेला.