‘मार्चमध्येच कळतं संघाचं भवितव्य’: हा दावा का टिकत नाही

मेजर लीग बेसबॉलचा, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेचा, मोसम मार्चच्या अखेरीस सुरू होतो. त्याआधीचे चार-पाच आठवडे चाहत्यांमध्ये एकच मांडणी फिरत असते. सराव सामने जिंकणारा संघ मोसमातही जिंकतो. गेल्या वर्षी अटीतटीचे सामने काढणाऱ्या संघात जिगर असते, ती यंदाही कामी येते. सर्वांत जास्त पैसा ओतणारा संघ पुढे जातो. आणि एप्रिलमध्ये जो सुसाट सुटतो, तोच ऑक्टोबरची बाद फेरी गाठतो. चारही गोष्टी पटकन पटतात, म्हणूनच त्या तपासून घ्यायला हव्यात.

सराव सामन्यांपासून सुरुवात करू. ३० पैकी १५ संघ अ‍ॅरिझोनात सराव करतात, १५ फ्लोरिडात. तिथला निकाल संघाची ताकद दाखवत नाही, कारण सामना जिंकण्यासाठी खेळलेलाच नसतो. नेहमीचे खेळाडू नऊपैकी पाचव्या-सहाव्या इनिंगनंतर (डावानंतर) बाहेर बसतात आणि ऐंशी-नव्वदच्या घरातले नंबर घातलेली पोरं सामना संपवतात. कधी एकाच दिवशी संघाचे दोन तुकडे करून दोन ठिकाणी सामने होतात. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, एखाद्या नव्या प्रकारचा चेंडू घोटत असतो, मार पडला तरी तोच टाकत राहतो. अ‍ॅरिझोनाच्या कोरड्या हवेत चेंडू लांब जातो आणि कमी वळतो, त्यामुळे तिथल्या होमरनचं (चेंडू थेट कुंपणापार मारण्याचं) मोल आणखी कमी. २०१८च्या मार्चमध्ये बॅटिंग आणि पिचिंग दोन्ही करणाऱ्या शोहेई ओतानीने ३२ प्रयत्नांत फक्त ४ हिट मारले आणि पिचिंगमध्येही सपाटून मार खाल्ला. ‘याला अजून तयारी हवी’ असं तेव्हा कितीतरी जण म्हणत होते. त्याने पाय उंच उचलून मारणं सोडलं, मोसमात २२ होमरन ठोकले आणि अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एकाचा) सर्वोत्तम नवोदित ठरला.

मग मार्चमध्ये पाहायचं काय? पिचरच्या फास्टबॉलचा (वेगवान चेंडूचा) वेग पाहा, पण तुलना त्याच्याच गेल्या मार्चच्या वेगाशी करा. वेग हंगामाच्या सुरुवातीला थोडा कमीच असतो. ताशी दोन मैलांची घट सलग दोन-तीन वेळा दिसली, तर खांदा किंवा कोपर दुखत असण्याची शंका रास्त आहे. दुसरं म्हणजे दिवस मोजा. सुरुवातीचा पिचर, म्हणजे सामन्याची सुरुवात करणारा, साधारण दर पाच दिवसांनी टाकतो, आणि एक-दोन इनिंगपासून पाच-सहापर्यंत चढत जातो. एवढं चढायला २५ ते ३० दिवस लागतात. १० मार्चपर्यंत जो एकदाही सामन्यात उतरला नाही, तो पहिल्या आठवड्यात पूर्ण ताकदीने टाकेल अशी अपेक्षा धरू नका. ही माहिती सराव सामन्यांच्या गुणतक्त्यात कुठेच नसते.

‘जिगर’वाला मुद्दा सर्वांत खोल रुतलेला आहे आणि सर्वांत जास्त फसवतो. एका धावेच्या फरकाने लागलेल्या सामन्यात एक वेडावाकडा टप्पा, पंचाने चुकीचा दिलेला एक स्ट्राइकचा (चेंडू वैध पट्ट्यात होता की नाही याचा) निर्णय निकाल फिरवतो. असे विजय पुढच्या वर्षी सोबत येतीलच असं नाही. त्यापेक्षा वर्षभरात केलेल्या आणि दिलेल्या धावा घ्या. बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांचं अपेक्षित विजय काढायचं सूत्र सोपं आहे: केलेल्या धावांचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज, गुणिले १६२, म्हणजे मोसमातले सामने.

टेक्सस रेंजर्सने २०१६मध्ये ७६५ धावा केल्या, ७५७ दिल्या. सूत्राप्रमाणे ८२ विजय येतात, प्रत्यक्षात आले ९५, कारण एका धावेच्या सामन्यांत ते ३६-११ (३६ विजय, ११ पराभव) होते. पुढच्या वर्षी ७८ विजय. उलट उदाहरण सॅन डिएगो पाड्रेसचं. २०२३मध्ये ७५२ धावा केल्या, ६४८ दिल्या. सूत्र ९३ म्हणतं, मिळाले ८२. एका धावेच्या सामन्यांत ९-२३ आणि बरोबरीनंतरच्या जादा इनिंगमध्ये २-१२. चाहत्यांनी संघाला कणा नाही म्हणून झोडपलं. २०२४मध्ये, स्टार बॅटर हुआन सोटोला न्यूयॉर्क यांकीजकडे धाडूनही, ९३ विजय. आकडा तंतोतंत जुळला हा योगायोगच, कारण संघ बदलला होता. पण दिशा सूत्राने बरोबर सांगितली होती.

दर वेळी घसरण होतेच असंही नाही. २०२१च्या सिअ‍ॅटल मरिनर्सनी केलेल्या धावांपेक्षा ५१ जास्त दिल्या, तरी ९० सामने जिंकले आणि २०२२मध्ये पुन्हा ९०. मात्र दुसऱ्या वर्षी बॅटर हुलिओ रॉड्रिगेझ आला, जुलैअखेर पिचर लुईस कास्टिलो आला आणि धावांचा हिशेब ६७ने अधिक झाला. म्हणजे जिगर टिकली म्हणण्याआधी संघच सुधारला होता, हे पाहायला हवं.

पैशाबद्दल थोडक्यात. पैशाने चांगले खेळाडू मिळतात, आणि २०२४, २०२५ची वर्ल्ड सिरीज (मोसमाची अंतिम मालिका) जिंकणाऱ्या लॉस एंजलिस डॉजर्सचा हात सैल आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण २०२३मध्ये तेव्हाचा विक्रमी पगारखर्च करून न्यूयॉर्क मेट्स ७५-८७वर थांबले. २०२५मध्ये बाद फेरीआधीच्या नियमित मोसमात सर्वाधिक ९७ विजय मिळवले ते मिल्वॉकी ब्रुअर्सनी, आणि खर्चात ते या दोघांच्या जवळपासही नव्हते.

राहिला एप्रिल. २०१९मध्ये मरिनर्सनी १३-२ अशी झेप घेतली आणि ६८-९४वर येऊन आदळले. त्याच वर्षी वॉशिंग्टन नॅशनल्स पहिल्या ५० सामन्यांनंतर १९-३१ होते. तिथे गुणतक्त्याऐवजी कारणं पाहिली असती तर चित्र वेगळं दिसलं असतं. महत्त्वाचा खेळाडू ट्रे टर्नर बोट मोडल्यामुळे एप्रिलच्या सुरुवातीपासून मेच्या मध्यापर्यंत बाहेर होता. शर्झर, स्ट्रासबर्ग, कॉर्बिन हे सुरुवातीचे पिचर भक्कम होते, गळती होती ती बुलपेनमध्ये, म्हणजे नंतर उतरणाऱ्या बदली पिचरमध्ये. जुलैच्या शेवटच्या दिवशी त्यांनी बदली पिचर डॅनियल हडसनला आणलं. उरलेले ११२ सामने नॅशनल्स ७४-३८ असे खेळले, आणि त्यांनी जिंकलेल्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या, निर्णायक सामन्यात शेवटचा बळी हडसननेच घेतला.