‘सैनिकांना सगळं माफ’वाला मेसेज कृपया पुढे पाठवू नका

“आजी-माजी सैनिकांना महाराष्ट्रात घरपट्टी आपोआप माफ, घरं कितीही असोत, अर्ज करायची गरज नाही, १९०१ च्या कायद्याने देशभर टोल माफ, अग्निवीरांनाही लागू, प्रत्येक जवानापर्यंत पोचवा.” पोचवला लोकांनी. माझ्या काकूंपर्यंतही पोचवला. काका माजी सैनिक, ते गेल्यापासून काकू एकट्याच राहतात, त्यांनी विश्वास ठेवून घरपट्टी भरलीच नाही आणि आता शास्तीसकट नोटीस आलीये. डोकं फिरलंय माझं म्हणून लिहितोय.

घरपट्टीचं आधी, कारण खरं नुकसान इथेच होतंय. माफी आहे, ते खोटं नाही. २०२० साली राज्य सरकारने बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना आणली, त्यात माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नी यांना मालमत्ता कर माफ आहे. पण ‘आपोआप’ हा शब्द कुठून आला? घर कुणाचं, तो माणूस सैन्यात होता का, हे पालिकेला घरबसल्या कसं कळणार? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला घ्यावा लागतो, अर्ज करावा लागतो, आणि माफी राज्यातल्या एकाच घराला मिळते, ‘कितीही’ घरांना नाही. अर्जच केला नाही तर तुमचं बिल इतरांसारखंच थकीत धरलं जातं आणि महापालिका हद्दीत त्यावर महिन्याला २ टक्के शास्ती चढत जाते. म्हणजे ज्या बाईला एक रुपयाही भरावा लागला नसता तिच्यावर या ‘अर्ज करू नका’ने दंड बसवला. आणि पाठवणाऱ्याला वाटतंय आपण देशसेवा केली!

आता टोल. १९०१ चा कायदा खरा आहे आणि त्यात कुटुंबाचा उल्लेखही आहे, एवढं मान्य करतो. पण तो नीट वाचा ना, सवलत आहे ती ड्युटीवर असलेल्या किंवा कूच करणाऱ्या सैनिकांना, आणि कुटुंबाला ते अशा तुकडीबरोबर किंवा अशा सैनिकाबरोबर प्रवास करत असेल तेव्हाच. रिटायर झालेल्या माणसाने स्वतःच्या गाडीतून लग्नाला जाताना माजी सैनिकाचं कार्ड दाखवून फुकट जायचं, असं त्यात कुठेच नाही. राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या नियमांत परमवीर चक्रापासून शौर्य चक्रापर्यंत सहा पदकांच्या मानकऱ्यांना फोटो ओळखपत्रावर सूट आहे, ती वेगळी. “आमचे हे वाशी नाक्यावरून कार्ड दाखवून फुकट गेले” असा पुरावा ग्रुपवर एकीने दिला. ताई, वाशीसकट मुंबईच्या पाचही प्रवेश नाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्याच हलक्या गाड्यांना टोल नाही, कार्ड दाखवा नाहीतर दाखवू नका. हे ऐकून कुणी रिटायर्ड सुभेदार दुसऱ्या नाक्यावर पोरासोरांशी हुज्जत घालत उभे राहतील, ते मला बघवणार नाही.

अग्निवीरांचं तर धादांत खोटं. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला माजी सैनिकाचा दर्जाच मिळत नाही, मग ही माफी कुठून मिळणार.

ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांनी या आठवड्यात डिस्चार्ज बुक (सैन्यातून निवृत्त होताना मिळालेलं पुस्तक), विधवा असतील तर त्यांचं ओळखपत्र, आणि घरपट्टीचं शेवटचं बिल घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, आणि दाखला मिळाल्यावर पालिकेत किंवा ग्रामपंचायतीत अर्ज देऊन पोच घ्या, शिक्का मारलेली.