चिप लावली, गिअरबॉक्स गेला: फिरत असलेल्या मेसेजला उत्तर

वरुड-मोर्शीपासून पार वणी-पुसदपर्यंत गाडीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. थोडक्यात तो असा: "ऑटोमॅटिक पिकअप किंवा एसयूव्हीचं इंजिन रिमॅप केलं की गिअरबॉक्स जाणारच, कारण ऑटोमॅटिक नाजूक असतो. आपल्या उन्हात अन् वावरात तो टिकत नाही. त्याचं तेल आयुष्यभराचं असतं, हात लावू नका. गेला तर रिपेअर होत नाही. भंगारातला टाका, नाहीतर मॅन्युअल करून घ्या. रस्त्यात बंद पडली तर न्यूट्रलला टाकून ट्रॅक्टरने ओढून आणा."

रिमॅप म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधली फाइल बदलून गाडीची ताकद वाढवणं. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असेल. पण यातला एकेक सल्ला मानला तर माणूस लाखाच्या खड्ड्यात जातो, म्हणून प्रत्येक मुद्दा वेगळा घेतो.

"ऑटोमॅटिक नाजूक असतो." टोयोटाचं २.८ लिटरचं डिझेल इंजिन घ्या, फॉर्च्युनर आणि हायलक्समधलं. मॅन्युअलसोबत कंपनी त्याला ४२० न्यूटन मीटर टॉर्क (म्हणजे फिरवण्याची ओढ) देते आणि ऑटोमॅटिकसोबत ५००. इंजिन तेच, पण जास्त ओढ ऑटोमॅटिकच्या वाट्याला. स्कॉर्पिओ-एनच्या डिझेलमध्येही मॅन्युअलला ३७० आणि ऑटोमॅटिकला ४००. नाजूक भागावर कुठलीच कंपनी मुद्दाम जास्त ओझं टाकत नाही. आपल्याच भागातल्या उघड्या कोळसा खाणींत माती आणि कोळसा वाहणारे मोठे डंपरसुद्धा टॉर्क कन्व्हर्टरवर चालतात, म्हणजे ऑटोमॅटिकमध्ये इंजिनची ओढ तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागावर.

"रिमॅप केलं की जाणारच." गोंधळाचं मूळ इथे आहे. ऑटोमॅटिकच्या आत फ्रिक्शन प्लेट आणि स्टील प्लेट एकाआड एक रचलेल्या असतात. तेलाच्या दाबाने पिस्टन त्यांना दाबतो तेव्हा गिअर धरला जातो. दाब किती ठेवायचा हे गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर ठरवतो, आणि तो ठरवतो इंजिनच्या कॉम्प्युटरने कळवलेल्या टॉर्कवरून. दोघांचं बोलणं खरं असेल तोवर प्लेटा घसरत नाहीत.

आता बाजारात मिळणारी स्वस्त "चिप" काय करते पाहा. बहुतेक वेळा ती इंजिनमधल्या फाइलला हातच लावत नाही. कॉमन रेलच्या (इंजेक्टरना दाबाचं डिझेल पुरवणाऱ्या नळीच्या) प्रेशर सेन्सरच्या वायरीत एक डबी बसते आणि खऱ्यापेक्षा कमी प्रेशर दाखवते. इंजिनचा कॉम्प्युटर प्रेशर वाढवतो, डिझेल जास्त जातं, गाडीला दम येतो. पण त्याच्या हिशेबात टॉर्क जुनाच असतो आणि गिअरबॉक्सला तो तोच जुना आकडा कळवतो. हमालाला वीस किलोचं कॅरेट सांगून चाळीसचं उचलायला लावलं, तर ते हातातून सुटणारच. दाब जुन्या टॉर्कचा आणि ओढ नव्या टॉर्कची, म्हणून प्लेट घसरते, तापते, तिचं अस्तर जळतं. अशा गिअरबॉक्सचा सम्प (तेल साठतं ते खालचं भांडं) खोलला की जळकट वास येतो, तेल काळं झालेलं असतं आणि सम्पमधल्या चुंबकावर राखाडी लेप दिसतो. थोडा बारीक लेप चांगल्या गिअरबॉक्समध्येही असतो. बोटांत खडे लागले किंवा धातूचे तुकडे दिसले तर मात्र आत मोडतोड आहे.

म्हणून इंजिनची ताकद वाढवायचीच असेल तर टॉर्कचा हिशेबही फाइलमध्ये बदलावा लागतो आणि गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमधला दाबही. त्यापुढे जायचं तर लॉक-अप क्लच (एका वेगात पळताना इंजिन आणि गिअरबॉक्स घट्ट जोडणारा) मोठा असलेला कन्व्हर्टर, व्हॉल्व्ह बॉडीचं (तेलाचा दाब वाटणाऱ्या भागाचं) काम आणि जमत असेल तिथे जास्तीची प्लेट. अमेरिकेत डॉजच्या कमिन्स पिकअपवर ताकद वाढवणारे जाणकार कन्व्हर्टर आणि व्हॉल्व्ह बॉडी आधी हाती घेतात, ते याच कारणाने. आपल्याकडे उलटा क्रम चालतो आणि दोष ऑटोमॅटिकच्या नावावर पडतो.

एक खूण लक्षात ठेवा. वरच्या गिअरमध्ये लोड घेऊन चढावर आहात, गिअर बदललेला नाही, गाडीचा वेग तेवढाच आहे आणि काटा मात्र दोन-तीनशे आरपीएम वर सरकला. बहुतेक वेळा लॉक-अप घसरतो आहे. त्या दिवशीच डबी काढा.

"आपल्या उन्हात अन् वावरात टिकत नाही." ऊन खरंच शत्रू आहे. गिअरबॉक्सचं तेल साधारण ८० ते ९५ अंशांवर काम करतं. बाहेर २५ अंश असेल तर ९० अंशांच्या तेलाला थंड व्हायला ६५ अंशांचा फरक मिळतो. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ वर गेला की तोच फरक ४५ उरतो, म्हणजे गिअरबॉक्सचं तेल थंड करणाऱ्या कूलरचं जवळपास तिसरा हिस्सा काम गेलं. या धंद्यातला जुना अंदाज असा की ८० अंशांपुढे दर दहा-अकरा अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं.

पण उष्णता तयार कुठे होते? समृद्धी महामार्गावर एका वेगात पळताना लॉक-अप लागलेला असतो, तिथे तेल फार तापत नाही. तापतं ते जुलैत पांदण रस्त्यावर, काळ्या मातीत चाक रुतलेलं, मागे ट्रॉली, आणि डी मध्ये ठेवून माणूस रेस देत बसलेला. गाडी जागची हलत नाही आणि इंजिनची सगळी ताकद कन्व्हर्टरमध्ये तेल घुसळण्यात जाते. चार बाय चार असेल तर लो रेंज लावा, काही सेकंदांत निघाली नाही तर थांबा. मग बंद न करता न्यूट्रलला थोडी रेस ठेवून दोन-तीन मिनिटं चालू द्या, तेल कूलरमधून फिरत राहील.

कूलरची जाळीही पाहत जा. जिनिंगच्या हंगामात कापसाचे तंतू आणि सोयाबीनचं कुटार रेडिएटरसमोर अशी गादी करतात की हवा आत शिरत नाही. लोड ओढणाऱ्या गाडीला जास्तीचा बाहेरचा कूलर बसवणं हा माझ्या मते रिमॅपच्या आधीचा खर्च आहे.

"तेल आयुष्यभराचं." जगभर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः सांगते की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांत तेल बदला. ट्रॉली ओढणाऱ्याने त्याही आधी बदलावं. "लाल तेल सगळं सारखंच" हेही चूक, कंपनीने सांगितलेला ग्रेडच घ्या. आणि बऱ्याच नव्या गिअरबॉक्सला डिपस्टिक नसते. इंजिन चालू ठेवून, तेल साधारण ४० अंशांवर असताना, ओव्हरफ्लो बोल्ट खोलून पातळी पाहतात. विदर्भात उन्हाळ्यात हे काम पहाटेच करावं लागतं. दुपारी तेल आधीच फुगलेलं असतं, जास्तीचं वाहून जातं आणि थंड झाल्यावर पातळी कमी भरते.

"रिपेअर होत नाही." होतो. गावात लिंबाच्या झाडाखाली मात्र करू नये, एवढं मी मान्य करतो. धूळ नसलेली जागा, त्या मॉडेलचं मॅन्युअल आणि मोजायची साधनं लागतात, आणि असे मेस्तरी आपल्याकडे थोडे आहेत. नागपूरला गाडी नेली तरी काम देण्याआधी विचारा: प्लेटांचा गॅप फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजणार का? नव्या प्लेटा बसवण्याआधी तेलात भिजवणार का? बंद करण्याआधी कंप्रेसरची हवा देऊन एकेक क्लचचा (प्लेटांच्या संचाचा) पिस्टन तपासणार का? हवा दिल्यावर घट्ट "ठक्" आवाज यावा. नुसती फुसफुस आली तर सील फाटलं आहे, आणि ते तेव्हाच कळलेलं बरं.

सगळ्यात जास्त घोटाळा कन्व्हर्टर आणि कूलरवर होतो. जळलेल्या प्लेटांचा कचरा या दोघांत जाऊन बसतो. कन्व्हर्टर तोच ठेवला आणि कूलरची लाइन धुतली नाही, तर तो कचरा नव्या प्लेटांवर येतो आणि गाडी परत जॅकवर. मग लोक म्हणतात, पाहा, रिपेअर टिकतच नाही. बसवतानाही कन्व्हर्टर हाताने फिरवत पूर्ण आत बसवावा लागतो, एकेक खाच धरताना तो टप्प्याटप्प्याने आत जातो. अर्धवट बसलेला असताना बेल हाउसिंगचे बोल्ट आवळून गाडी ओढून घेतली की तेलाचा पंप तिथेच फुटतो.

"भंगारातला टाका, नाहीतर मॅन्युअल करा." भंगारातला गिअरबॉक्स मिळतो, पण तो का निघाला हे कुणी सांगत नाही. पार्ट नंबर जुळला तरी सम्प खोलून पाहिल्याशिवाय आणि रेडिएटरचं पाणी आत शिरलेलं नाही याची खात्री केल्याशिवाय पैसे देऊ नका. पाणी शिरलं की अस्तराचा गोंद सुटतो, तेल गुलाबी दुधासारखं दिसतं. मॅन्युअल करायचं तर फ्लायव्हील, पेडल, प्रोपेलर शाफ्टची (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याची) लांबी, क्रॉस मेंबर (गिअरबॉक्सला खालून धरणारा आडवा आधार) आणि वायरिंग, सगळंच बदलतं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे: आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. इंजिनची ताकद वाढवणाऱ्यांनीही आरटीओ आणि विमा कंपनीला आधीच विचारावं.

"न्यूट्रलला टाकून ओढा." चांगला गिअरबॉक्स मारायचा हा सगळ्यात सोपा मार्ग आहे. तेलाचा पंप इंजिनवर फिरतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आणि मागची चाकं मात्र प्रोपेलर शाफ्टमधून आतले भाग कोरडे फिरवत राहतात. चारही चाकं उचलून नेणारी गाडी बोलवा. ती मिळतच नसेल तर आधी चाकांना दगडांची ओट लावा, कारण शाफ्ट सुटला की पार्किंगचा लॉक चाकांना धरत नाही. मग डिफरन्शिअलकडच्या (मागच्या चाकांच्या मधल्या गोळ्याकडच्या) फ्लॅंजवर, म्हणजे शाफ्ट बोल्टने जोडतात त्या चकतीवर, दोन्ही बाजूंना खूण करा, बोल्ट खोला आणि शाफ्ट चेसिसला वर बांधा. चार बाय चार असेल तर पुढचाही शाफ्ट खोला. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग जड लागतात, तेव्हा ट्रॅक्टरवाल्याला हळू चालवायला सांगून मगच दोर बांधा.