कर्जमाफीचं प्रमाणपत्र फोनवर मिळत नाही

एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा पुन्हा फिरत येतो. त्याचा सारांश असा: वैयक्तिक कर्ज आणि क्रेडिट कार्डाची निम्म्याहून जास्त थकबाकी माफ करून घेण्याचा हक्क रिझर्व्ह बँकेने दिलाय, बँका तो लपवतात. आमच्या माणसाचा फोन आला की फी भरा, हप्ते थांबवा, माफीचं प्रमाणपत्र घ्या. वसुलीचे फोन बंद, सिबिल (तुमच्या कर्जफेडीची नोंद) साफ.

माझ्या आत्येभावाने, म्हणजे दादाने, ही फी भरली. त्यामुळे या मजकुरातला एकेक दावा घेऊन बोलणं मला भाग आहे.

"रिझर्व्ह बँकेने माफीचा हक्क दिलाय."

नाही दिला. 8 जून 2023 रोजी रिझर्व्ह बँकेने कर्जातल्या तडजोडीबद्दल, म्हणजे ठरलेली कमी रक्कम घेऊन खातं मिटवण्याबद्दल, एक परिपत्रक काढलं. बँकेने आपल्या संचालक मंडळाने मंजूर केलेल्या धोरणानुसार थकीत खात्यात तडजोड करावी, असं त्यात आहे. ही बँकेला दिलेली मुभा आहे. कर्जदार तिच्यासाठी विनंती करू शकतो, तिच्यावर हक्क सांगू शकत नाही. उलट, 11 डिसेंबर 2023 रोजी याच रिझर्व्ह बँकेने प्रसिद्धिपत्रक काढून लोकांना सावध केलं होतं: काही मंडळी कर्जमाफीच्या जाहिराती करतात, कसलाही अधिकार नसताना माफीची प्रमाणपत्रं देण्यासाठी सेवाशुल्क किंवा कायदेशीर फी घेतात, त्यांच्या नादी लागू नका.

फोनवाले इथे एक वाक्य हमखास टाकतात. "मोठमोठ्या उद्योगपतींची हजारो कोटी माफ झाली, मग तुमचे चार लाख का नाहीत?" हे काळजाला लागतं, कारण त्यामागचा राग खरा आहे. पण बातम्यांत येतं ते बहुतेकदा 'निर्लेखन' असतं. म्हणजे बँक ते कर्ज ताळेबंदातून बाजूला काढते, वसुली मात्र चालूच राहते. कर्जदाराचं देणं त्याने संपत नाही.

"फी भरा, प्रमाणपत्र मिळेल."

दादाचं प्रमाणपत्र मी हातात घेऊन पाहिलंय. जाड, पिवळसर कागद. वर राजमुद्रेसारखं चित्र, खाली जांभळा गोल शिक्का, मध्ये त्याचं नाव आणि सोळा आकडी 'संदर्भ क्रमांक'. कर्जखात्याचा नंबर कुठेच नाही. शाखेतल्या बाईंनी तो कागद उलटसुलट करून पाहिला आणि इतकंच विचारलं, "यावर आमच्यापैकी कुणाची सही आहे का?" दादा काही बोलला नाही. त्या कागदासाठी त्याने तीन वेळा पैसे दिले होते: आधी नोंदणी, मग वकील फी, मग त्यावरचा जीएसटी.

खरी माफी कशी होते ते आपल्या राज्याने पाहिलंय. 2019 च्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत 2 लाखांपर्यंतच्या थकीत पीककर्जाच्या याद्या लागल्या, शेतकऱ्याने आपले सरकार केंद्रात जाऊन आधारसाठी अंगठा दिला, सरकारने रक्कम थेट कर्जखात्यात भरली. शेतकऱ्याला फोन करून कुणी फी मागितली नाही. खासगी कर्जात तडजोड झालीच तर बँक स्वतःच्या लेटरहेडवर खातेनंबर, रक्कम आणि मुदत लिहून देते. पैसे कर्जखात्यातच भरायचे असतात, कुणाच्या यूपीआयवर नाही.

"हप्ते थांबवा, बँक आपोआप खाली येते."

मला सगळ्यात भीती या सल्ल्याची वाटते, कारण फीपेक्षा मोठं नुकसान इथे होतं. यात अर्धं सत्य आहे. नियमित खात्यात बँक सहसा तडजोड करत नाही, थकलेल्या खात्यात करते. पण फोनवाल्याने हे का सांगितलं? ज्याच्या खिशात हप्त्यालाच पैसे पुरत नाहीत, तो फी कुठून देणार? हप्ता थांबला की तेवढे पैसे मोकळे होतात. ती फी म्हणजे तुमचाच चुकवलेला हप्ता असतो.

आणि थांबवल्यावर काय होतं? दरवेळी ईसीएस (खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता) बाऊन्स, त्याचं शुल्क वेगळं. व्याज चालूच, वर दंड. 90 दिवसांनी खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या हिशेबी थकीत. नुसतं कर्ज थकणं हा गुन्हा नाही, पण चेक न वटणं हा चेकसंबंधीच्या कायद्याच्या कलम 138 खाली गुन्हा ठरू शकतो, आणि 2007 च्या पेमेंट कायद्यातल्या कलम 25 मुळे ईसीएसलाही ते लागू होतं. घर तारण असेल तर सरफेसी कायद्याखाली (बँकेला तारण ताब्यात घेऊन वसुली करू देणारा कायदा) 60 दिवसांची नोटीस येते. दादाला जामीन राहिला होता त्याचा मेहुणा. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. पहिली नोटीस मेहुण्याच्या घरी गेली, ती वहिनीच्या आईच्या हातात पडली. त्या घरी दादाचं जाणं-येणं कित्येक महिने बंद होतं. हे कुठल्या प्रमाणपत्रात लिहिलेलं नसतं.

"वसुलीचे फोन बंद होतील."

बंद होतात, कारण बँकेतला मोबाइल नंबर आणि ईमेल बदलून घ्यायला हेच लोक सांगतात. मग बँकेने स्वतःहून काही सवलत देऊ केली तरी ती तुमच्यापर्यंत पोचत नाही. वसुलीवाल्यांचा जाच असेल तर त्यावर इलाज आहे: सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर त्यांना फोन करता येत नाही, धमकी किंवा बदनामी तर अजिबात नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे एक पैसाही लागत नाही.

"सिबिल साफ करून देऊ."

खरी नोंद कुणीही पुसू शकत नाही. तडजोड केली तर 'सेटल्ड' असा शेरा पडतो, आणि शेतीकर्ज सोडलं तर ती बँक किमान 12 महिने तुम्हाला नवं कर्ज देऊ शकत नाही. चुकीची नोंद फुकट दुरुस्त होते. त्याला 30 दिवसांपेक्षा जास्त लागले तर दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते.

"त्यांना माझी सगळी माहिती होती, म्हणजे ते बँकेचेच."

दादाही हेच म्हणाला. "अरे, त्याला माझा शेवटचा हप्तासुद्धा ठाऊक होता!" अशी माहिती बाहेर विकली जाते, तिच्यावरून ओळख पटत नाही. सेवा आणि व्यवहाराच्या फोनसाठी बँकांना 1600 ने सुरू होणारे नंबर नेमून दिलेत. साध्या दहा आकडी मोबाइलवरून कुणी ओटीपी मागितला किंवा स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला सांगितलं तर तिथेच फोन ठेवून द्या.

खरोखर हप्ता झेपत नसेल तर शाखेत स्वतः जा. पगाराची चिठ्ठी किंवा दवाखान्याची बिलं जोडून पुनर्रचनेचा (हप्ता किंवा मुदत बदलून घेण्याचा) लेखी अर्ज द्या, आणि पोच घ्या. वाद कोर्टापर्यंत गेला असेल किंवा जायच्या बेतात असेल तर लोकअदालत आहे. तिथे फी नाही, आणि झालेला निवाडा दोघांनाही बांधील. वकील लावायचा तर जरूर लावा, पण ज्याच्या कार्यालयात जाऊन समोर बसता येतं असा.

पैसे गेले असतील तर त्याच तासाला 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. दादाने चार महिन्यांनी लावला, तोवर खाती रिकामी झाली होती. बँकेने मात्र मुदत वाढवून हप्ता कमी करून दिला, तो आता भरतोय.

गेल्या आठवड्यात त्याला पुन्हा फोन आला. आवाज वेगळा होता. तुमची बुडालेली फी परत मिळवून देतो, फक्त दोन हजार प्रक्रिया शुल्क भरा, म्हणाला. दादाने तो नंबर संचार साथीच्या 'चक्षू'वर (संशयास्पद फोन कळवायची सरकारी सोय) नोंदवला आणि मला फोन करून आधी तेच सांगितलं.